पेठचे देज, घरजावई आणि लग्नाचा तोंडी ठराव

लग्न झाल्यावर कोणाची मालमत्ता कोणाकडे राहील आणि संसार मोडल्यास कोणी कोणाला काय द्यायचे, हे वधूवरांनी लग्नाआधीच लिहून ठेवणे म्हणजे विवाहपूर्व करार. ही अलीकडची शहरी कल्पना मानली जात असली, तरी तिच्या गाभ्याशी असलेला व्यवहार, म्हणजे अटी आधी आणि लग्न नंतर, नाशिकच्या पश्चिमेस गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या पेठ तालुक्यातील कोकणा, महादेव कोळी आणि वारली समाजांना जुनाच आहे. पेठ हे लहानसे संस्थान १८७८ मध्ये इंग्रजी मुलखात सामील झाले. पण लग्नाचे ठराव पूर्वीप्रमाणेच पंचांसमोर तोंडी होत राहिले.

या ठरावाचे मुख्य कलम देजाचे असे. देज म्हणजे वराकडून वधूच्या घराला दिले जाणारे धन वा धान्य. नागली, वरई आणि भाताची शेती ज्या घरांत बायकांच्या कष्टावर उभी असे, तेथे मुलगी सासरी गेल्याने राबणारे दोन हात कमी होत, आणि ती उणीव देजाने काही अंशी भरून निघे. ज्याला देज देणे झेपत नसे, तो ठरलेली वर्षे सासऱ्याच्या शेतावर राबून ते फेडत असे. अशा घरजावयाला वारली समाजात घरोर म्हणतात. किती वर्षे राबायचे हे आधी ठरे, बोलणी पक्की झाल्याची खूण म्हणून पंचांसह सर्वजण दारू घेत, आणि पुढे वाद उद्भवला तर तेच पंच साक्षीदारही असत व न्यायाधीशही. लिहिता न येणाऱ्या समाजाने करार टिकवण्यासाठी उभी केलेली ही व्यवस्था हलकी लेखण्याजोगी मुळीच नाही. तिच्यातील खरी उणीव वेगळी होती: ठराव दोन घरांत होई आणि मुलगी त्याचा विषय असे, पक्षकार नव्हे.

इंग्रजी न्यायालयांची दृष्टी याहून निराळी होती. नवऱ्याने बायकोला तिच्या आईच्या घरातून कधीही हलवू नये, असा लग्नाआधीचा करार कलकत्ता उच्च न्यायालयाने १९०१ मध्ये टेकैत मोन मोहिनी जेमादाई प्रकरणात अमान्य केला; कारण पत्नीला आपल्या घरी ठेवण्याचा हिंदू पतीचा हक्क अशा करारामुळे नाहीसा होतो आणि ते सार्वजनिक धोरणाला, म्हणजे समाजहिताच्या कायदेशीर कसोटीला, धरून नाही. पेठच्या डोंगरात घरजावई ही रूढी होती, तर कागदावर येताच तशीच अट रद्दबातल ठरत होती. याउलट गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने विवाहपूर्व कराराला मान्यता दिली, मात्र तो लग्नाआधी नोटरीसमोर झाला पाहिजे अशी अट घातली, आणि करार नसल्यास दोघांची मालमत्ता सामाईक मानली.

१९५५ चा हिंदू विवाह कायदा केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याखेरीज अनुसूचित जमातींना लागू होत नसल्यामुळे पेठमध्ये लग्न आणि काडीमोड या बाबी रूढीवरच राहिल्या. पत्नीचे नाव जमिनीच्या कागदावर आले ते निराळ्याच वाटेने. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसणारा विवाहित असेल तर वनजमिनीचा हक्क पतिपत्नी दोघांच्या नावे संयुक्तपणे नोंदवण्याची तरतूद केली, आणि देजाच्या बोलणीत जिला कधी विचारले जात नव्हते, त्या स्त्रीला नवऱ्याच्या बरोबरीने त्या जमिनीची नोंदलेली हक्कदार होण्याचा मार्ग खुला झाला.