हलालखोर पळाले तर?

२०२० च्या मार्चमध्ये बीडला जो साथरोग कायदा लागू झाला तो १८९७ चा, मुंबईच्या प्लेगमधून आलेला. तेव्हा बीड निजामाच्या राज्यात होते. तरी आपल्या नाल्या उपसणाऱ्यांचा इतिहास त्या प्लेगपासूनच वाचावा लागतो, असे आम्ही मानतो.

६ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबई पालिकेने रुग्णांना सक्तीने इस्पितळात हलवण्याचा हुकूम काढला. लोक शहर सोडू लागले. आयुक्त स्नो यांना धास्ती पडली ती मैला उचलणाऱ्या हलालखोरांची: तेही गेले तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही! महिना संपता संपता हुकूम सैल झाला. म्हणजे शहर कुणाच्या डोक्यावरच्या टोपलीवर उभे आहे, हे सरकारला पक्के ठाऊक होते. मग फेब्रुवारी १८९७ च्या कायद्यात काय आले? अवघी चार कलमे. हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा, सद्भावनेने कारवाई करणाऱ्याला संरक्षण. मैला उचलणाऱ्याच्या जिवाबद्दल एक ओळ नाही.

२०२० मध्ये त्यालाच ‘कोरोना योद्धा’ म्हटले, टाळ्या वाजवल्या. (टाळीला खर्च येत नाही.) बीड, परळी, अंबाजोगाईच्या नगरपरिषदांना आम्ही विचारतो: पुढच्या साथीत कंत्राटी सफाई कामगाराचे हातमोजे, गमबूट आणि विमा कंत्राटदाराने द्यायचा की तुम्ही? आजच लेखी सांगा.