सही कोणाची? मॅझिनीच्या पाकिटापासून आपल्या मोबाईलपर्यंत

१/ सरकारने नागरिकाचे खासगी बोलणे ऐकावे काय, हा प्रश्न इंटरनेटबरोबर जन्मला असा आपला समज असतो. वस्तुतः तो टपालाइतका जुना आहे आणि त्याच्या इतिहासातील एक ठळक मुक्काम आपले नाशिक आहे. आजचा थ्रेड त्याविषयी. थोडा दीर्घ आहे. पण एकच प्रश्न हाती धरून चालू. पाकीट उघडण्याच्या हुकमावर सही कोणाची असते आणि ती सही तपासतो कोण?

२/ प्रारंभ लंडनमध्ये, १८४४ साली. इटलीतून परागंदा झालेला क्रांतिकारक जोसेफ मॅझिनी तेथे राहत होता. आपली पत्रे वाटेत कोणीतरी उघडते, असा त्याला संशय आला. खातरजमेसाठी त्याने युक्ती योजली. पाकिटात खसखशीचे दाणे, वाळूचे कण किंवा केस घालून पत्रे मागवायची. पत्र हाती आले की दाणे गायब असायचे. संशय खरा ठरला.

३/ खासदार थॉमस डंकम यांनी हे प्रकरण जून १८४४ मध्ये संसदेत नेले. पत्रे उघडण्याचा हुकूम गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांच्या सहीचा होता. लंडनमध्ये गदारोळ उडाला. ‘पंच’ साप्ताहिकाने ग्रॅहॅम यांची यथेच्छ टर उडवली. दोन्ही सभागृहांनी गुप्त चौकशी समित्या नेमल्या. परदेशी पत्रे उघडणारे टपाल खात्यातील गुप्त कार्यालय बंद झाले. मात्र हुकूम काढून पत्र उघडण्याचा मंत्र्याचा अधिकार शाबूत राहिला. कार्यालय गेले, कलम उरले. हा धडा पुढे अनेकदा भेटेल.

४/ या मॅझिनीचे नाशिकशी नाते काय? विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सावरकर बंधू आणि त्यांच्या सोबत्यांनी नाशिकमध्ये ‘मित्रमेळा’ उभारला. १९०४ मध्ये त्याचे ‘अभिनव भारत’ झाले. विनायकरावांनी लंडनला गेल्यावर मॅझिनीचे चरित्र मराठीत आणले. ते १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे सरकारने त्यावर बंदी घातली. ज्याची पत्रे ब्रिटिश सरकारने चोरून वाचली, त्याचे चरित्र नाशिकची मुले त्याच सरकारच्या नजरेआड वाचू लागली.

५/ त्या वेळी हिंदुस्थानात कायदा काय होता? दोन कायदे ध्यानात ठेवा. पहिला १८८५ चा तार कायदा, कलम ५. दुसरा १८९८ चा टपाल कायदा, कलम २६. दोहोंचा गाभा एकच: ‘सार्वजनिक आणीबाणी’ उद्भवल्यास किंवा ‘सार्वजनिक सुरक्षिततेसाठी’ सरकारला, अथवा सरकारने खास अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याला, तार किंवा पत्र अडवता येईल.

६/ खरी मेख पुढच्या पोटकलमात होती. आणीबाणी आहे की नाही, याविषयी शंका निघाली तर? तर सरकारच्या सचिवाच्या सहीचा दाखला हा निर्णायक पुरावा मानावा. म्हणजे आणीबाणी आहे असे म्हणणारे सरकार, ती खरी आहे असा दाखला देणारेही सरकार. लंडनमध्ये ग्रॅहॅम यांना निदान संसदेत उभे राहून शिव्या खाव्या लागल्या. कलकत्त्याच्या सचिवाला जाब विचारणारी लोकनियुक्त संसदच येथे नव्हती.

७/ आता नाशिकची घटना. राष्ट्रभक्तिपर कविता प्रसिद्ध केल्याबद्दल बाबाराव सावरकरांवर खटला भरण्यात आला आणि जून १९०९ मध्ये त्यांना जन्मठेप-काळ्या पाण्याची शिक्षा झाली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्या निरोपानिमित्त ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. तेथे अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. जॅक्सन संस्कृतचे जाणकार होते. लोक त्यांना ‘पंडित जॅक्सन’ म्हणत. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली.

८/ पुढे ‘नाशिक कटा’चा खटला मुंबईत विशेष न्यायासनापुढे चालला, आरोपी ३८. हत्येनंतर दोन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९१० मध्ये, नवा प्रेस कायदा आला. छापखान्यांकडून जामीन रक्कम घेण्याचा आणि ती जप्त करण्याचा अधिकार त्यात होता. कर्झन वायली आणि जॅक्सन यांच्या हत्यांनंतर पाळतीचे जाळे सातासमुद्रापार पसरले. मुंबई पोलिसांतील अधिकारी जॉन वॉलिंजर लंडनमध्ये राहून युरोपातील हिंदी क्रांतिकारकांवर नजर ठेवू लागला.

९/ येथे प्रामाणिकपणे थांबले पाहिजे. सरकारची भीती निव्वळ काल्पनिक नव्हती. कट होता, लंडनहून आलेली पिस्तुले होती, एक अधिकारी मारला गेला होता. पाळतीच्या बाजूचा युक्तिवाद नेहमी असाच खऱ्या घटनेवर उभा असतो, म्हणून तो प्रभावी ठरतो. प्रश्न असा की, एका नाट्यगृहातील घटनेचे उत्तर म्हणून घेतलेला अधिकार किती जणांवर आणि किती काळ चालतो?

१०/ उत्तर १९१८ मध्ये मिळाले. न्यायमूर्ती रौलट यांच्या समितीने क्रांतिकारी कटांचा अहवाल दिला. त्याचा आरंभच मुंबई इलाख्यापासून, चापेकर आणि नाशिकच्या प्रकरणांपासून होतो. त्या अहवालातून १९१९ चा रौलट कायदा निघाला. देश पेटला, ‘ना वकील, ना दलील, ना अपील’ ही घोषणा गाजली. १९२२ मध्ये तो कायदा रद्दही झाला. मात्र ज्यांच्याविरुद्ध मोर्चा निघाला नाही ती दोन शांत कलमे, तार कायद्याचे ५ आणि टपाल कायद्याचे २६, जागची हलली नाहीत.

११/ स्वातंत्र्याच्या वेळी ती हलण्याची संधी आली होती. १९४७ मध्ये घटना समितीच्या मूलभूत हक्क उपसमितीने पत्रव्यवहाराच्या गोपनीयतेचा हक्क आपल्या मसुद्यात घातला होता. गुन्ह्यांच्या तपासात अडचण येईल, असा आक्षेप निघाला आणि तो हक्क वगळला गेला. डिसेंबर १९४८ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी अवाजवी झडतीपासून संरक्षणाची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती उपयुक्त मानून स्वीकारण्याची तयारी दाखवली. तरीही ती संमत झाली नाही.

१२/ म्हणून स्वतंत्र भारतातही तीच कलमे लागू राहिली. ज्या देशाची टपाल तिकिटे नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जात, त्या देशात तिकीट लावलेले पाकीट उघडण्याचा नियम १८९८ चाच होता. १९८६ मध्ये राजीव गांधी सरकारच्या काळात टपाल कायद्याचे दुरुस्ती विधेयक संसदेत मंजूर झाले. पत्रे अडवण्याचा अधिकार त्यात इतका सैल होता की वृत्तपत्रांतून टीकेची झोड उठली. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. विधेयक तसेच पडून राहिले. २००२ मध्ये ते मागे घेण्यात आले.

१३/ लक्षात घ्या, भारतीय टपालाच्या इतिहासात एका न केलेल्या सहीने नागरिकाचे रक्षण केले. पण परिणाम काय? नवे वाईट कलम आले नाही, जुने मात्र कायम राहिले. एका व्यक्तीच्या विवेकावर मिळालेले संरक्षण त्या व्यक्तीच्या कारकिर्दीइतकेच टिकते. यंत्रणेचे संरक्षण निराळे असते.

१४/ यंत्रणेचा पहिला गंभीर प्रयत्न १८ डिसेंबर १९९६ चा. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने फोन टॅपिंगला बंधने घातली. हुकूम केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवाचाच हवा. दोन महिन्यांची मुदत, जास्तीत जास्त सहा महिने. आढावा समितीकडून तपासणी. ही मोठी प्रगती होती. तथापि आधी न्यायाधीशाची परवानगी घ्यावी, ही मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. कायद्यात तशी तरतूद नाही, असे ते म्हणाले. आढावा समितीत बसणारेही सचिवच. १८८५ मध्ये सचिवाची सही, १९९६ नंतरही सचिवाचीच. आता एका सचिवाची सही दुसरे सचिव तपासतात, एवढाच फरक.

१५/ मग इंटरनेट आले. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ ला २००८ च्या दुरुस्तीने आजचे रूप मिळाले. ईमेल, चॅट, साठवलेली माहिती या सर्वांना ते लागू आहे. माहितीचे कुलूप उघडून द्यायलाही ते भाग पाडू शकते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचावेत. ‘सार्वजनिक आणीबाणी’ आणि ‘सार्वजनिक सुरक्षितता’ ही १८८५ ची पूर्वअट कलम ६९ मध्ये नाही. उलट ‘कोणत्याही गुन्ह्याचा तपास’ हे कारण त्यात पुरेसे आहे. साम्राज्याने तारेसाठी घातलेला उंबरठा प्रजासत्ताकाने इंटरनेटसाठी काढून टाकला.

१६/ पूर्वअटीतील चार शब्द गेल्याने काय बिघडले, असे कोणी विचारील. उत्तर मुंबई उच्च न्यायालयात आहे. लाचखोरीच्या एका प्रकरणात मुंबईतील एका व्यावसायिकाचा फोन २००९-१० मध्ये टॅप झाला होता. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने ते तिन्ही हुकूम रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. कारण? सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी काहीही तेथे नव्हते. वसाहतवादी कायद्याचे तेच शब्द न्यायाधीशापुढे गेल्यावर नागरिकाची ढाल ठरले. कलम ६९ खाली ही ढाल हाती नसते.

१७/ या निकालामागे आणखी एक निकाल उभा होता आणि त्याची वाट आपल्याच विभागातून जाते. २९ सप्टेंबर २०१० रोजी नाशिक विभागातील नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली या आदिवासी गावात, देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. आधारला निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये आव्हान दिले. गोपनीयता हा मूलभूत हक्क नाहीच, असा युक्तिवाद सरकारने केला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने तो फेटाळला. १९४७ मध्ये मसुद्यातून वगळलेली गोष्ट सत्तर वर्षांनी निकालातून परत आली.

१८/ त्या निकालाची कसोटी स्पष्ट आहे. हस्तक्षेपाला कायद्याचा आधार हवा, उद्देश रास्त हवा, आणि उपाय उद्देशाच्या प्रमाणात हवा. येथे सरकारी बाजूही ऐकली पाहिजे. बॉम्बस्फोटांचे तपास, मुलांच्या शोषणाचे गुन्हे, ऑनलाइन फसवणूक यांत माहिती वेळेत मिळणे अत्यावश्यक असते. न्यायाधीशाची वाट पाहण्याइतका अवधी नसतो, असे अधिकारी म्हणतात. तातडीचा हुकूम आधी आणि न्यायिक तपासणी काही दिवसांत, हा त्यावरचा उपाय इतर देशांनी अवलंबला आहे.

१९/ ज्या लंडनमध्ये मॅझिनीची पाकिटे उघडली गेली, तेथे २०१६ च्या कायद्याने दुहेरी कुलूप आणले. मंत्र्याने सही केली तरी न्यायिक आयुक्ताने मान्यता दिल्यावरच हुकूम चालतो. खसखशीच्या दाण्यांपासून दुसऱ्या सहीपर्यंत १७२ वर्षे लागली. आपल्याकडे २०२३ मध्ये १८८५ आणि १८९८ या दोन्ही कायद्यांच्या जागी नवे दूरसंचार व टपाल कायदे संमत झाले. अडवण्याचा अधिकार दोन्हींत आहे. न्यायाधीशाची सही कोणत्याच कायद्यात नाही. त्याच वर्षीच्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तर आपल्या यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला आहे.

२०/ मित्रहो, पाळतीच्या चर्चेत ‘लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कशाची?’ हे वाक्य हमखास येते. इतिहास त्याला साधे उत्तर देतो. काय लपवण्यासारखे आहे, हे वाचणारा ठरवतो आणि वाचणारा बदलत असतो. १९०९ मध्ये कविता हा गुन्हा होता. आज त्याच कवितांचा गौरव होतो. यापुढे अशी बातमी वाचाल, तेव्हा पक्ष बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी शोधा: कारण लेखी आहे का, मुदत आहे का, आणि सरकारबाहेरच्या कोणी ती सही पाहिली का? पहिल्या दोन गोष्टी आपण १९९६ पर्यंत मिळवल्या. तिसरी १८८५ पासून बाकी आहे.