दिनविशेष : १९ ऑक्टोबर – शिरीन नेशात यांचे प्रदर्शन
२०१९ : लॉस एंजेलिसच्या ‘द ब्रॉड’ संग्रहालयात इराणी-अमेरिकी कलावंत शिरीन नेशात यांच्या छायाचित्रांचे व चित्रफितींचे एकल प्रदर्शन खुले झाले. १९५७ मध्ये कझवीन येथे जन्मलेल्या नेशात शिक्षणासाठी अमेरिकेत गेल्या. १९९० मध्ये त्या मायदेशी परतल्या, तेव्हा इस्लामी क्रांतीने इराण पार बदलला होता. त्या अस्वस्थतेतून ‘विमेन ऑफ अल्लाह’ ही छायाचित्रमालिका घडली. त्यात स्त्रियांच्या चेहऱ्यांवर, तळव्यांवर दिसणारी फारसी अक्षरे छायाचित्रांवर शाईने हाताने लिहिलेली आहेत.

‘टर्ब्युलंट’ (१९९८) या कलाकृतीत समोरासमोर दोन पडदे आहेत. एकावर पुरुष भरल्या सभागृहात गाऊन दाद मिळवतो. दुसऱ्यावर रिकाम्या खुर्च्यांपुढे स्त्री शब्दांविना गाऊ लागते आणि समोरच्या पडद्यावरचे पुरुष स्तब्ध होऊन ऐकत राहतात. पुरुष श्रोत्यांसमोर स्त्रीच्या एकल गायनावर इराणमध्ये बंदी आहे. या कलाकृतीला १९९९ च्या व्हेनिस बिनालेत सन्मान मिळाला.

न्यू मेक्सिकोत चित्रित केलेली ‘लँड ऑफ ड्रीम्स’ ही तेव्हाची नवी कलाकृतीही प्रदर्शनात होती. इराणी स्थलांतरितांची मोठी वस्ती असलेल्या लॉस एंजेलिसमध्ये हे काम एकत्र पाहायला मिळणे मोलाचे होते. १६ फेब्रुवारी २०२० पर्यंत प्रदर्शन चालले. गप्प बसवलेल्या स्त्रियांच्या आवाजाला इतकी ताकद देणारी कला आजही तितकीच गरजेची आहे.