कल्याणपासून खोडदपर्यंत : रेडिओलहरींचा वर्णपट

२३ जुलै १९२७ हा दिवस रेडिओच्या इतिहासांत दुहेरी महत्त्वाचा आहे. त्या दिवशीं मुंबईचें ध्वनिक्षेपण-केंद्र सुरू झालें आणि त्याच दिवशीं विलायतेशीं बिनतारी संदेशांची देवघेवही सुरू झाली. संदेश खडकीहून जात व दौंडास येत. शेजारीं ढोल वाजत असतां दूरची बांसरी ऐकूं येत नाहीं. म्हणून बोलण्याची व ऐकण्याची जागा निराळी असणें इष्ट. पुणें जिल्ह्यानें हाच धडा पुढें फार मोठ्या प्रमाणावर गिरविला.

लोलकांतून जातांना सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे होतात. रेडिओलहरींचेंही तसेंच पृथक्करण करतां येतें. कोणत्या कंपनसंख्येवर किती शक्ति आहे हें मांडलें, म्हणजे तो त्या लहरींचा वर्णपट होय. पण यंत्राचा प्रत्येक भाग त्यांत आपलाही रंग मिसळतो. अँप्लिफायर स्वतःची खरखर घालतो, केबल कांहीं शक्ति गिळते, फिल्टर सर्व कंपनांस सारखी वाट देत नाहीं. म्हणून प्रत्येक भागांत आधीं ठाऊक असलेल्या शक्तीचा संकेत सोडावयाचा, बाहेर काय येतें तें मोजावयाचें, आणि त्या मापानें पुढील वाचन सुधारून घ्यावयाचें. सोनाराला कसोटीचा दगड जसा, तशी ही परीक्षा.

हें शास्त्र आपल्याकडे रुजविण्याचें श्रेय मुख्यतः डॉ. गोविंद स्वरूप यांचें. १९६३ मध्यें ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आले. ऑस्ट्रेलियांत काम संपलेल्या, सुमारें ६ फूट व्यासाच्या ३२ तबकड्या भेट म्हणून मिळाल्या होत्या. त्या कल्याणजवळ उभारून १९६५ पासून ६१० मेगाहर्ट्झवर सूर्याचें निरीक्षण सुरू झालें. या जुन्या सामानावर तरुण संशोधकांचे हात तयार झाले. त्यांतूनच १९७० मध्यें उटीची ५३० मीटर लांबीची दुर्बीण साकारली आणि पुढें नारायणगांवाजवळ खोडद येथील महाकाय दुर्बीण उभी राहिली.

खोडदच्या परिसरांत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. १४ मध्यभागीं आणि १६ तीन भुजांवर, सुमारें २५ किलोमीटरपर्यंत विखुरलेल्या. ताम्हिणीपासून जुन्नरपर्यंतचा सह्याद्रि पश्चिमेच्या शहरांचा बराच गोंगाट अडवितो. प्रत्येक तबकडीचा संकेत प्रकाशतंतूनें मध्यवर्ती इमारतींत येतो आणि तेथें त्याचा वर्णपट केला जातो. पूर्वीं एका वेळीं ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा पाहतां येई. सुधारणेनंतर ही मर्यादा ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेली.

या कष्टांचें फळ २०२३ च्या आरंभीं जगापुढें आलें. हायड्रोजनची लहर मूळ २१ सेंटिमीटरची. विश्वाच्या प्रसरणानें ताणली जाऊन ती खोडदला ४८ सेंटिमीटरची होऊन पोंचली. ती सुमारें ८.८ अब्ज वर्षांपूर्वीं निघाली होती. वाटेंतील एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणानें ती प्रबळ झाली, तरीही ती अत्यंत क्षीणच होती. यंत्राचा दोष कोणता आणि आकाशाचा शब्द कोणता, हें निश्चित ठाऊक नसतें तर ती ओळखूं आली नसती.

आतां धोका निराळा आहे. मोबाइलचे मनोरे आणि वीजवाहिन्यांवरील ठिणग्या यांचा गोंगाट दुर्बिणीच्या दारापर्यंत आला आहे. यंत्राची खरखर शास्त्रज्ञ मोजून वजा करूं शकतात. परिसराची शांतता मात्र सर्वांनीं मिळूनच राखावी लागेल.