काडतुसाच्या नावातला ७०

आजची गोष्ट एका नावापासून: .४५-७०. अमेरिकी सैन्याने १८७३ मध्ये घेतलेलं रायफलचं काडतूस. .४५ म्हणजे नळीचा व्यास इंचात आणि ७० म्हणजे आत ७० ग्रेन काळी दारू, साधारण साडेचार ग्रॅम. नावातच रेसिपी!

तेव्हा वापरलेली पितळी केस पुन्हा भरणं नेहमीचंच होतं. १८८४ मध्ये सुरू झालेली कनेक्टिकटची आयडियल कंपनी त्यासाठी अडकित्त्यासारखं हत्यार विकायची. दारू मापाने ओतायची, वर गोळी बसवायची, झालं. काळ्या दारूने केस जवळजवळ भरूनच जाते, त्यामुळे चुकून दोनदा ओतली तर सरळ बाहेर सांडते. चूक डोळ्यांना दिसते.

त्याच १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएईने निर्धूर दारू बनवली. थोडक्या दारूत जास्त ताकद, म्हणजे केस बरीच रिकामी. आता दोनदा ओतली तरी आत मावते! आणि जुनंच माप भरून दाट निर्धूर दारू ओतली, तर रायफल तुमच्या तोंडासमोर फुटू शकते.

कंपन्यांनी मग 'बल्क' दारू काढली, हलकी, जुन्या मापाने ओतता येईल अशी. आमच्या भाषेत बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी. पण दुकानात शेजारीच 'डेन्स' दारूचा डबा, आणि निर्धूर दोन्ही. हा निर्णय मला अजूनही धोक्याचा वाटतो. नावंही गोंधळाची: .३०-३० मधले दुसरे ३० म्हणजे त्या काळच्या एका निर्धूर दारूचे ग्रेन, तर .३०-०६ मधला ०६ म्हणजे चक्क १९०६ साल.

आजचे भरणारे जे नियम पाळतात, ते बरेचसे इथूनच समजतात. माप नाही, तराजू. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा, आणि उरलेली परत त्याच डब्यात. केसेस ठोकळ्यात उभ्या करून, गोळी बसवण्याआधी प्रत्येकीत टॉर्च मारून बघायचं. दारूच्या कंपनीच्या ताज्या पुस्तकातल्या सुरुवातीच्या वजनापासूनच चढायचं, मित्राच्या वहीतल्या आकड्यावरून कधीच नाही.

आणि ते जुनं माप? अमेरिकेत शॉटगन काडतुसांच्या खोक्यांवर आजही 'ड्रॅम इक्विव्हॅलंट' छापलेलं सापडतं. ते आतल्या दारूचं वजन नव्हेच. तेवढाच वेग मिळायला काळी दारू किती लागली असती, त्याचा तो आकडा.