नवजात बालकाची गृहभेट : आशा, आरोग्य सेविका आणि डॉक्टरांची साखळी

रुग्णालयात सुखरूप प्रसूती झाली म्हणजे बाळावरील संकट टळले, असा समज आहे. प्रत्यक्षात जन्मानंतरचे पहिले २८ दिवस सर्वाधिक जोखमीचे असतात आणि त्यांतील बहुतेक दिवस बाळ घरीच असते. त्यामुळे घरी देखरेख करणारी कार्यकर्ती आणि रुग्णालयातील डॉक्टर यांच्यातील समन्वयाला महत्त्व येते.

गडचिरोलीचा धडा

या पद्धतीचा पाया गडचिरोलीत घातला गेला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत स्थानिक महिलांना प्रशिक्षण देऊन नवजात बालकांची घरीच देखभाल सुरू केली. तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. केंद्र शासनाने २०११ मध्ये हा कार्यक्रम ‘आशां’मार्फत देशभर लागू केला.

कोणाचे काम काय?

रुग्णालयातील प्रसूतीनंतर आशा ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी घरी जाते. घरी प्रसूती झाल्यास पहिल्या दिवशीही भेट असते. बाळाचे वजन व तापमान घेणे, श्वास मोजणे, स्तनपान पाहणे आणि आईची विचारपूस करणे ही तिची कामे. आरोग्य सेविका लसीकरण करते, तसेच आशाला मार्गदर्शन करते. अंगणवाडी सेविका स्तनदा मातेच्या पूरक आहाराकडे लक्ष देते. निदान व उपचाराची जबाबदारी वैद्यकीय अधिकाऱ्याची.

बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार पडले वा तापले, मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास होऊ लागले, छाती आत ओढली जाऊ लागली किंवा झटके आले, तर पुढील भेटीची वाट न पाहता बाळाला रुग्णालयात न्यावे. त्यासाठी १०२ व १०८ क्रमांकांच्या रुग्णवाहिका आहेत.

ऊसपट्ट्यातील कसोटी

बारामतीत सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय असून २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. इंदापुरातही उपजिल्हा रुग्णालय आहे. मात्र ही साखळी गृहीत धरते की कुटुंब एका जागी राहते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर अशा साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात गळीत हंगामात बीडसह मराठवाड्यातून ऊसतोड कुटुंबे येतात आणि फडानुसार मुक्काम हलवितात. तिसऱ्या दिवसाची भेट एका गावात झालेले बाळ चौदाव्या दिवशी दुसऱ्या तालुक्यात, म्हणजे दुसऱ्याच आशाच्या हद्दीत असू शकते. नव्या आशाला त्याची खबर नसेल, तर वजन घटत असल्याचे कोणाच्याच ध्यानी येत नाही.

अशा वेळी माता व बाल संरक्षण कार्ड हाच दुवा ठरतो. जन्मवजन, झालेल्या भेटी आणि लसी त्यावर नोंदविलेल्या असल्यास पुढील आशा व डॉक्टर तेथूनच काम सुरू करू शकतात. मुक्काम हलविण्यापूर्वी आशाने आरोग्य सेविकेला कळविणे आणि रुग्णालयाने घरी सोडलेल्या आजारी वा कमी वजनाच्या बाळाची माहिती कुटुंब ज्या गावी जाणार तेथे पोहोचविणेही तितकेच आवश्यक आहे. आशा बाळाला रुग्णालयात पाठविते. पण रुग्णालयाकडून तिच्यापर्यंत उलट निरोप आला नाही, तर साखळी अर्ध्यावरच तुटते.