भिंती नसलेले प्रार्थनामंदिर



इंग्लंडातल्या जुन्या शहरांत गेलेल्या प्रवाशाला दुरूनच जे दिसते ते तिथले कॅथेड्रल. कॅथेड्रल म्हणजे जिथे बिशपचे पीठ असते ते मुख्य चर्च. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी कोणी पाया घातला, पुढच्या पिढीने खांब उभे केले, त्यापुढच्या पिढीने मनोरा चढवला, अशी ही बांधकामे. परंतु त्या दगडांत जीव आणते ते गाणे. तिथे सायंप्रार्थना गायली जाते, आणि ती गाण्यासाठी मुलांना शाळेत ठेवून लहानपणापासून तयार करतात. १५४९ साली इंग्रजी प्रार्थनापुस्तक निघाले, तेव्हा बायबलातली दीडशे स्तोत्रे महिन्याच्या तीस दिवसांत वाटून दिली गेली. पुढे सतराव्या शतकात राजा आणि पार्लमेंट यांचे युद्ध पेटले. गायकवृंद मोडले, ऑर्गन काढून टाकले गेले. १६६० साली राजा परत आला, तेव्हा गाणेही परत आले. मधल्या काळात इमारती उभ्या होत्या, पण मुक्या होत्या.

आता तुम्ही म्हणाल, हे साहेबांच्या देशातले पुराण आम्हाला कशाला? तर त्याचे कारण असे, की आपल्या वर्धा जिल्ह्यातही असेच एक स्थान आहे. त्याला ना मनोरा, ना छप्पर, ना भिंत. ते म्हणजे सेवाग्रामचे प्रार्थनास्थळ. इथे जे बांधले गेले ते दगडांचे नव्हे, सुरांचे. आणि तेही कॅथेड्रलसारखेच, एकेका हाताने एकेक भर घालून.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव नावाच्या खेड्यात आले. रेल्वेमार्गावर गजानन महाराजांचे शेगाव असल्यामुळे टपालाचा घोटाळा होई, म्हणून १९४० साली या खेड्याचे नाव सेवाग्राम झाले. झोपड्या मातीच्या, कुडाच्या. प्रार्थनेसाठी मात्र घर बांधलेच नाही. उघड्या आभाळाखाली जमीन सारखी केली, वर खडी पसरली. गांधीजींनी १९३६ साली लावलेला पिंपळ तिथे आहे. पहाटे एकदा आणि सायंकाळी एकदा सर्वांनी तिथे बसायचे. आश्रमवासी बसत, पाहुणे बसत, पुढारी बसत. आणि स्वयंपाकघरात व शेतात राबणारेही बसत.

या प्रार्थनेचा पाया सेवाग्रामच्याही आधी, साबरमतीला घातला गेला. गांधीजींनी विष्णु दिगंबर पलुस्करांकडे आश्रमासाठी एक गायक मागितला, आणि पलुस्करांनी आपले शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांना पाठवले. एवढा शिकलेला गवई. मैफली गाजवायच्या सोडून आश्रमातल्या बेसुऱ्यांना सुरात बसवू लागला! त्यांनीच आश्रम भजनावली जुळवली. तीत संस्कृत श्लोक, आपल्या संतांचे अभंग, हिंदी, गुजराती व बंगाली पदे आहेत, तशी न्यूमन या इंग्रज धर्मपंडिताची प्रार्थनाही आहे. १९३० च्या दांडीयात्रेत खरे चालत होते आणि गातही होते. १९३८ साली हरिपुरा काँग्रेसच्या वेळी त्यांचे देहावसान झाले. पण त्यांनी बसवलेल्या चाली राहिल्या. गवई गेल्यावरही गाणे राहते, ते त्याने दुसऱ्यांच्या गळ्यात ठेवलेले असते म्हणून.

दुसरी भर मीराबेनची. ही इंग्रज आरमारातल्या अधिकाऱ्याची मुलगी. बेथोव्हेन या जर्मन संगीतकाराचे तिला वेड. त्या वेडापायी ती रोमां रोलां या फ्रेंच लेखकाला भेटली. त्याच्या तोंडून तिने गांधीजींचे नाव ऐकले आणि १९२५ साली साबरमती गाठली. संगीताच्या बोटाला धरून ती आश्रमात आली म्हणा ना! तिला अर्थ कळावा म्हणून गांधीजींनी १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात या भजनांचे इंग्रजीत भाषांतर केले. आज आपण जिला बापूकुटी म्हणतो ती झोपडी मूळची मीराबेनचीच.

पुढच्या भरी अशाच आल्या. एक जपानी बौद्ध भिक्षू आश्रमात राहत असे आणि डफ वाजवीत आपला मंत्र म्हणे. जपान युद्धात उतरल्यावर सरकारने त्याला पकडून नेले. भिक्षू गेला, पण गांधीजींनी त्याचा मंत्र प्रार्थनेच्या आरंभी ठेवला. रेहाना तय्यबजींनी कुराणातल्या आयती शिकवल्या. १९४२ नंतर आगाखान पॅलेसमधल्या कैदेत डॉक्टर गिल्डरांनी पारशी प्रार्थना दिली. गीतेतले स्थितप्रज्ञाचे एकोणीस श्लोक सायंकाळच्या प्रार्थनेत होतेच. विनोबांनी १९३०-३१ मध्ये वर्ध्याला गीताई लिहिली, तेव्हा तेच श्लोक मराठी मुलाबाळांच्या तोंडी आले. याच १९३६ साली तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन सेवाग्रामला महिनाभर राहिले. पुढे त्यांची सामुदायिक प्रार्थना विदर्भातल्या खेड्याखेड्यांतून पोचली.

आता इंग्लंडातल्या रीतीत आणि या रीतीत एक मोठा भेद पाहा. तिथे गाणारे वेगळे, ऐकणारे वेगळे. गाणे अतिशय उंचीचे, पण शतकानुशतके ते पुरुष आणि मुलगे यांच्याच वाट्याला होते. सॉल्सबरीच्या कॅथेड्रलने मुलींचा स्वतंत्र गायकवृंद उभा केला तो १९९१ साली. सेवाग्रामला स्त्रिया पहिल्यापासून गात होत्या, आणि ऐकणारा असा वेगळा कोणी नव्हताच. रामधून सुरू झाली की सर्वांनी टाळी द्यायची. त्यामुळे सूर कधी इकडेतिकडे होई हे खरे. पण शेजाऱ्याचा आवाज ऐकून आपला आवाज लावायला माणूस तिथे शिके.

हे शिक्षण किती कठीण आहे, याची परीक्षा दिल्लीत झाली. १९४६ च्या ऑगस्टात गांधीजींनी सेवाग्राम सोडले ते पुन्हा परतले नाहीत. १९४७ च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या सभेत कुराणातल्या आयतींना काहींनी हरकत घेतली. त्या तेवढ्या गाळून बाकीची प्रार्थना उरकणे सोपे होते. गांधीजींनी ते केले नाही. त्यांनी प्रार्थनाच थांबवली. एक दगड काढून घेऊन उरलेल्याला मंदिर म्हणायला ते तयार नव्हते. आणि ३० जानेवारी १९४८ रोजी ते निघाले होते तेही प्रार्थनेलाच.

सेवाग्रामला आजही पहाटे व सायंकाळी प्रार्थना होते. वर्ध्यालाच गोपुरीत गीताई मंदिर आहे. १९८० साली विनोबांच्या हस्ते ते खुले झाले. तिथेही छप्पर नाही. शिळांवर कोरलेली गीताई आणि वर आभाळ.

दगडी इमारतीला एक सोय असते. गाणे थांबले तरी ती उभी राहते, आणि पुढची पिढी येऊन गाणे पुन्हा सुरू करू शकते. सेवाग्रामला ती सोय नाही. तिथली इमारत म्हणजे गाणारी माणसेच. म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एकच सांगणे. शाळेत सकाळी प्रार्थना होते, तेव्हा गोड गळ्याच्या दोन मुलांना पुढे उभे करून बाकीच्यांना हात जोडून गप्प ठेवू नका. जो सुरात नाही त्यालाही गाऊ द्या, फक्त शेजारच्याचा आवाज ऐकत गा, असे त्याला सांगा. खरेशास्त्रींनी आयुष्यभर हेच केले.